घुमणारा बेस आणि खोलीचे कोपरे

दुकानात ऐकताना भारदस्त वाटलेले स्पीकर घरी आणून जोडले, की अनेकांची पहिली तक्रार बेसबद्दल, म्हणजे गाण्यातल्या खालच्या, जाड स्वरांबद्दल असते. एखाद्या गाण्यात तो इतका घुमतो की गायकाचे शब्द त्यात बुडून जातात, पुढच्याच गाण्यात तो कुठे गेला ते कळत नाही, आणि सोफ्यावर दोन फूट सरकून बसले की सगळा तोल पुन्हा बदलतो. मग केबल बदलून पाहिल्या जातात, अँप्लिफायर बदलला जातो, आणि कोणाच्या तरी सल्ल्याने भिंतीवर काळ्या फोमचे चौकोन चिकटतात. त्यानंतर आवाज बदलतो खरा, पण घुमणे तिथेच राहते. रेकॉर्ड प्लेअर आणि मोठे सबवूफर (फक्त खालचे स्वर वाजवणारे स्पीकर) पुन्हा घरोघरी येऊ लागल्यापासून हा प्रश्न अधिक जणांना पडू लागला आहे. त्याचे उत्तर बहुतेक वेळा यंत्रात सापडत नाही. ते खोलीत, आणि विशेषतः खोलीच्या कोपऱ्यांत सापडते. आपल्याकडच्या विटा आणि काँक्रीटच्या घरांत तर ऐकण्याची खोली सुधारायची असेल तर पहिला खर्च कोपऱ्यांत आवाज शोषणारा माल भरण्यावरच व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे. असे का, हे समजून घेण्यासाठी थोडे मुळापासून सुरू करावे लागेल.

खोलीचे स्वतःचे स्वर

आवाज म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. ते एका सेकंदात किती वेळा होतात हे हर्ट्झ या एककात मोजतात. आकडा जितका लहान, तितका स्वर खालचा. बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की सुमारे ४१ हर्ट्झचा स्वर निघतो. काळी एकच्या पट्टीत पुरुष गायकासाठी लावलेल्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेचा मूळ स्वर ६९ हर्ट्झच्या आसपास असतो. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४६ मीटर वेगाने जातो, त्यामुळे ५७ हर्ट्झच्या एका लहरीची लांबी सुमारे ६ मीटर, म्हणजे २० फूट भरते. १००० हर्ट्झची लहर मात्र जेमतेम ३५ सेंटीमीटरची असते. या दोन आकड्यांमधील तफावत लक्षात ठेवावी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे.

आता १० बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची खोली घ्या. समोरासमोरच्या ज्या दोन भिंतींमध्ये १० फुटांचे अंतर आहे, त्यांच्यामध्ये २० फुटांची लहर बरोबर अर्धी मावते. अशी लहर भिंतीवर आपटून परत येते तेव्हा मागून येणाऱ्या लहरीशी तिचा मेळ बसतो आणि दोन्ही मिळून आवाज वाढत जातो. यालाच अनुनाद म्हणतात. १० फुटांच्या अंतरासाठी तो ५७ हर्ट्झला होतो, १२ फुटांसाठी ४७ हर्ट्झला, आणि त्यांच्या दुप्पट-तिप्पट आकड्यांनाही होतो. खोलीची उंचीही १० फूटच असल्यामुळे जमीन आणि छत यांच्यामधला अनुनादही ५७ हर्ट्झवरच येतो, म्हणजे एकाच स्वराला दोन बाजूंनी फुगवटा मिळतो. आपल्या इमारतींत जमिनीपासून छतापर्यंतचे अंतर साडेनऊ-दहा फुटांच्या घरात असते आणि खोल्या १० फूट रुंदीच्या असतात, त्यामुळे हा योग वारंवार जुळून येतो. १० बाय १० ची खोली असेल तर लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही बाजूंनी तोच स्वर फुगतो, आणि संगीत ऐकण्यासाठी याहून वाईट आकार शोधणे कठीण आहे.

याचा परिणाम प्रत्यक्ष गाण्यात असा दिसतो. बेस गिटारच्या जाडीने दुसऱ्या क्रमांकाच्या तारेचा मोकळा स्वर ५५ हर्ट्झचा असतो आणि त्याच तारेवर तीन पडदे वरचा स्वर ६५ हर्ट्झचा. वादक दोन्ही स्वर सारख्याच जोराने छेडतो, परंतु आपल्या खोलीत पहिला स्वर खिडकीचे गज वाजवतो आणि दुसरा साधा ऐकू येतो. शिवाय फुगलेला स्वर वादकाने थांबवल्यावरही खोलीत काही काळ रेंगाळतो आणि पुढच्या स्वराच्या अंगावर जाऊन पडतो. घुमण्याची तक्रार आपण करतो तेव्हा ती बहुधा या रेंगाळण्याचीच असते. वरच्या पट्टीत असे अनुनाद इतक्या दाटीने येतात की ते एकमेकांत मिसळून जातात. जर्मन शास्त्रज्ञ मान्फ्रेड श्रोडर यांच्या सूत्राने हिशेब केला, तर खोलीत आवाज विरायला साधारण अर्धा सेकंद लागतो असे धरून, या खोलीत हे मिसळणे सुरू होण्याची सीमा २४० हर्ट्झच्या आसपास येते. त्याखालच्या पट्टीत मात्र खोलीचा आकारच राज्य करतो.

ट्रेमधले पाणी

एखादा आयताकृती ट्रे अर्धा पाण्याने भरून हळूच डावीकडे-उजवीकडे डुलवून पाहा. दोन्ही कडांशी पाणी वर चढते आणि खाली उतरते, तर मधोमध पाण्याची पातळी जवळजवळ स्थिर राहते. पण मधले पाणी स्वस्थ मात्र नसते. तिथेच ते सर्वांत वेगाने इकडून तिकडे धावत असते, आणि कडेला टेकलेले पाणी आडवे हलू शकत नाही. खोलीतल्या हवेचेही असेच आहे. पाण्याची पातळी म्हणजे हवेचा दाब आणि पाण्याचे आडवे धावणे म्हणजे हवेची हालचाल. भिंतीशी दाबाचा चढउतार सर्वाधिक आणि हालचाल जवळजवळ शून्य. मध्यावर नेमके उलट.

आपल्या कानांना दाब कळतो. त्यामुळे भिंतीला टेकून ठेवलेल्या सोफ्यावर किंवा पलंगावर बसणाऱ्याला बेस जास्त ऐकू येतो आणि खोलीच्या बरोबर मध्यभागी उभे राहिल्यास ५७ हर्ट्झचा स्वर जवळजवळ नाहीसा होतो. ट्रे तिरका डुलवला तर पाणी सर्वांत उंच चढते ते कोपऱ्यात, कारण तिथे लांबीचा आणि रुंदीचा असे दोन्ही हेलकावे एकत्र येतात. खोलीच्या ज्या कोपऱ्यात दोन भिंती आणि छत मिळतात, तिथे तर तिन्ही दिशांचे सर्व अनुनाद आपला पूर्ण दाब घेऊन हजर असतात. सबवूफर कोपऱ्यात ठेवला की दणका वाढतो, तो याच कारणाने.

आपल्या भिंती आणि परदेशी सल्ले

या विषयावरचे बरेचसे सल्ले अमेरिकेतून येतात, आणि तिथली घरे बहुतांशी लाकडी चौकटीवर जिप्सम बोर्ड ठोकून बांधलेली असतात. असा बोर्ड खालच्या स्वरांना स्वतः किंचित थरथरतो आणि त्या थरथरण्यात बेसचा काही भाग खर्ची पडतो. पाठ्यपुस्तकांतील कोष्टकांनुसार १२५ हर्ट्झला असा बोर्ड आपल्यावर पडलेल्या ध्वनिऊर्जेचा पाव भागाहून थोडा अधिक हिस्सा शोषतो, तर विटेची गिलावा केलेली भिंत जेमतेम एक-दोन टक्के. काँक्रीटचे छत आणि खालच्या व्हिट्रिफाइड टाइल्स यांचीही गत तीच. म्हणजे सहाच्या सहा बाजूंनी आपली खोली बेस जवळजवळ जसाच्या तसा परत फेकते. तिकडचा लेखक जेव्हा दोन कोपरे भरले की पुरे म्हणतो, तेव्हा त्याच्या भिंतींनी अर्धे काम आधीच केलेले असते हे आपण विसरतो.

पडदे, गालिचा आणि अंड्यांचे ट्रे

अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबाइन यांनी १८९५ पासून हार्वर्ड विद्यापीठातील एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहावर प्रयोग केले. जवळच्या सँडर्स थिएटरमधील बसायच्या उशा ते रात्री तिथे आणून मांडत आणि आवाज किती सेकंदांत विरतो हे मोजत. उशा वाढल्या की आवाज लवकर विरतो, आणि तो किती लवकर विरेल याचे गणित करता येते, हे त्यांनी दाखवले. मात्र त्यासाठी त्यांनी वापरलेली ऑर्गनची नळी ५१२ हर्ट्झची होती, म्हणजे माणसाच्या बोलण्याच्या पट्टीतली. उशांचे ते यश बेसला लागू करता येत नाही.

कारण ट्रेच्या प्रयोगातच आहे. उशी, पडदा, फोम, रॉकवूल (दगडी तंतूंची गादी) या सच्छिद्र वस्तू हवेला आपल्या धाग्यांतून घासत जायला लावतात आणि त्या घर्षणात आवाजाची ऊर्जा अत्यल्प उष्णता होऊन संपते. घर्षण व्हायला हवा हलली पाहिजे, आणि भिंतीलगत ती हलत नाही. ५७ हर्ट्झच्या लहरीसाठी भिंतीपासून १ इंचावर हवेची हालचाल तिच्या कमाल हालचालीच्या ३ टक्केसुद्धा नसते. १ फुटावर ती ३० टक्क्यांवर पोहोचते. कमाल गाठायला पाव लहर, म्हणजे ५ फूट पुढे यावे लागते. १००० हर्ट्झच्या लहरीला तेच अंतर साडेआठ सेंटीमीटर पुरते. म्हणून इंचभर फोम वरचे स्वर गिळतो आणि बेसला स्पर्शही करत नाही. असा फोम चारही भिंतींवर चिकटवलेल्या खोलीत सतारीची झणक मेलेली आणि डग्गा तेवढा घुमणारा असतो, आणि माझ्या मते काहीही न लावलेली खोली त्यापेक्षा बरी. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेबद्दल तर एवढेच सांगता येईल की ते अंड्यांसाठी उत्तम असतात.

मग कोपराच का?

चोखंदळ वाचक इथे विचारेल की सच्छिद्र वस्तूला हलती हवा लागते आणि कोपऱ्यात तर हवा सर्वांत कमी हलते, मग तिथेच रॉकवूल भरण्यात काय हशील? आक्षेप रास्त आहे. केवळ घर्षणाचा विचार केला तर शोषक भिंतीपासून पाच फूट पुढे, खोलीच्या मधोमध उभा करायला हवा, पण मग माणसांनी बसायचे कुठे? कोपरा ही तडजोड आहे, परंतु चांगली तडजोड आहे. तिथे शोषकाला एकाच वेळी दोन भिंतींच्या दिशेने जाडी मिळते, त्रिकोणी शोषकाची टोके भिंतींवरून दीड फुटापर्यंत पुढे येतात, आणि एरवी कुंडीखेरीज कशालाही उपयोगी न पडणारी जागा कामी येते. त्याशिवाय एका सपाट भिंतीवर लावलेला शोषक मुख्यतः एका दिशेच्या अनुनादावर काम करतो, तर कोपऱ्यातला दोन दिशांच्या, आणि छताजवळचा तिन्ही दिशांच्या अनुनादांवर.

अर्थात अपेक्षा माफक ठेवाव्यात. चार इंच जाडीचे पॅनल कोपऱ्यात तिरके उभे केले तर १०० हर्ट्झच्या वर चांगला फरक पडतो, ५७ हर्ट्झला फारच थोडा. कोपरा मागेपर्यंत पूर्ण भरला तर खालच्या स्वरांनाही फरक जाणवतो, तरी फुगवटा नाहीसा होत नाही. तो बोथट होतो आणि रेंगाळणे कमी होते. कानाला त्यातले रेंगाळणे कमी झालेलेच अधिक सुखावते.

आधी खोली ऐकून घ्यावी

काही विकत घेण्यापूर्वी एका संध्याकाळचे काम आहे. मोबाइलवर ठराविक हर्ट्झचा स्वर काढणारे कोणतेही मोफत अॅप घेऊन ते स्पीकरला जोडावे, खोलीच्या मापांवरून काढलेला स्वर, आपल्या उदाहरणात ५७ हर्ट्झ, बेताच्या आवाजात लावावा आणि खोलीत सावकाश फिरावे. भिंतीशी स्वर फुगलेला, मधोमध जवळजवळ गायब, आणि कोपऱ्यात कान नेल्यावर डोक्यात गच्च भरल्यासारखा ऐकू येईल. मग दार आणि खिडक्या सताड उघडून पुन्हा ऐकावे. बेसचा काही भाग बाहेर निघून गेल्याने घुमणे कमी झालेले बहुधा लगेच जाणवते, आणि शोषणाने काय साधेल याचा अंदाजही त्यातून येतो. सॅबाइन यांनी शोषण मोजायला उघड्या खिडकीचेच माप धरले होते. ज्यांना आलेख पाहायचा आहे त्यांच्यासाठी रूम ईक्यू विझार्ड ही मोफत संगणकप्रणाली आहे. तिच्याबरोबर मोजमापासाठीचा माइक असला तर उत्तम, कारण मोबाइलच्या माइकचा खालच्या स्वरांबाबत फारसा भरवसा धरता येत नाही.

याच फेरीत बसण्याची जागाही ठरवून टाकावी. १२ फुटांच्या लांबीत मागच्या भिंतीपासून साधारण साडेचार फुटांवर खुर्ची ठेवली तर फुगवटा आणि पोकळी, म्हणजे स्वर गायब होण्याची जागा, दोन्ही टळतात. या बदलाला पैसा लागत नाही, आणि कित्येकदा अर्धी तक्रार तिथेच मिटते.

कोपरा भरण्याची कृती

सामान सोपे आहे: दोन इंच जाडीच्या रॉकवूलच्या शीट, पाइनच्या पट्ट्या, आणि कापड. रॉकवूल ही वितळलेल्या दगडापासून ओढलेल्या तंतूंची गादी असते आणि उष्णतारोधक म्हणून कारखान्यांना माल पुरवणाऱ्या दुकानांत मिळते. घनमीटरला ४८ किलो घनतेचा माल मागावा. दुकानदार ९६ किंवा त्याहून घट्ट माल अधिक चांगला म्हणून सुचवील, पण एवढ्या जाडीच्या शोषकात फार दाट मालातून हवा आत शिरतच नाही, आणि पैसे उगाच जास्त जातात.

शीटचे २ फूट बाय २ फुटांचे चौकोन करून प्रत्येक चौकोन दोन्ही कर्णांवर कापला, की चार सारखे त्रिकोण मिळतात. त्यांच्या भिंतीला लागणाऱ्या बाजू १७ इंचांच्या आणि समोरची बाजू २४ इंचांची असते. पाव कापायची लांब दातेरी सुरी यासाठी उत्तम. कटरचे छोटे पाते मध्येच अडकते आणि तंतू उपसून काढते. हे त्रिकोण कोपऱ्यात एकावर एक रचत जायचे. १० फूट उंचीला ६० त्रिकोण, म्हणजे १५ चौकोन लागतात, आणि एका कोपऱ्याचे वजन १४ किलोच्या आसपास भरते. खालचे थर वजनाने दबू नयेत म्हणून दर तीन-चार फुटांवर पातळ फळीचा त्रिकोणी कप्पा द्यावा. समोर २४ इंच रुंदीची पट्ट्यांची चौकट करून तिच्यावर कापड ताणून स्टेपल मारावे आणि ती कोपऱ्यात टेकवून उभी करावी. चौकट सुताराकडून अर्ध्या दिवसात होते. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडण्याची परवानगी नसेल, तर खाली आणि वर फळी देऊन चौकटीला स्वतःच्या पायांवर उभा राहणारा त्रिकोणी खांब करता येतो.

कापड निवडताना ते तोंडाशी धरून फुंकर मारावी. फुंकर पलीकडे सहज गेली तर ते चालते. मांजरपाट स्वस्त आणि अगदी योग्य असते. रेक्झिन मुळीच नको. कापडाच्या आत पातळ नॉन-वोव्हन कापडाचा एक थर दिला की तंतू बाहेर येत नाहीत.

स्पीकरच्या मागचे दोन कोपरे आधी भरावेत, मग बसण्याच्या मागचे. दार आल्यामुळे एखादा उभा कोपरा मोकळा ठेवावा लागला, तरी खोलीला अशा कडा एकंदर बारा असतात. भिंत आणि छत यांच्यामधली आडवी कडही तेच काम करते, फक्त तिथे वजन पेलायला मजबूत ब्रॅकेट लागतात.

रॉकवूलऐवजी गादीवाल्याकडून पिंजून आणलेला कापूस भरला तर चालेल का, असे काहीजण विचारतात. आवाजाच्या दृष्टीने सैल पिंजलेला कापूस चांगला शोषक आहे. पण तो पेट घेतो, पावसाळ्यात ओल धरतो आणि उंदरांना आवडतो. दहा फूट उंचीचा कापसाचा खांब विजेच्या बटणांशेजारी उभा करण्याची कल्पना मला मानवत नाही. रॉकवूल जळत नाही.

खोली अगदी निर्जीव वाटेल का?

एवढे शोषक लावल्यावर वरचे स्वरही त्यात जातील ही भीती खरी आहे. उपायही साधा आहे: कापडाच्या आत, रॉकवूलच्या दर्शनी बाजूवर, पातळ प्लॅस्टिकचा एक सैल थर द्यावा. वरचे स्वर त्यावरून परततात आणि बेस त्यातून आरपार जातो. कोकणात किंवा मुंबईत हाच थर ओलसर हवेपासूनही बचाव करतो. तिथे खांब टाइल्सपासून इंचभर उचललेला ठेवावा, आणि ज्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते तिला तो चिकटवू नये, कारण मागे धरलेली बुरशी दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

रॉकवूलने आरोग्य बिघडते का?

कापताना खाज सुटते आणि घसा खवखवतो, हे खरे. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, मास्क आणि चष्मा घालून हे काम गच्चीत करावे आणि ते कपडे वेगळे धुवावेत. कर्करोगाच्या शंकेबाबत, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये इमारतींतील रॉकवूल आणि ग्लासवूल हे पदार्थ, माणसात कर्करोग करतात असे वर्गीकरण करता येत नाही, अशा गटात ठेवले. ॲस्बेस्टॉसशी त्यांची गल्लत करू नये. कापडात बंद करून जागच्या जागी ठेवलेल्या रॉकवूलचे तंतू हवेत उडत नाहीत, पण मुले हात घालणार नाहीत इतपत कापड पक्के हवे.

शेजाऱ्यांची तक्रार थांबेल का?

थांबणार नाही. खोलीच्या आतला आवाज सुधारणे आणि आवाज बाहेर जाऊ न देणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या कामाला वजनदार भिंती आणि दारांच्या फटी बंद करणे लागते. कोपऱ्यातल्या रॉकवूलमुळे खालच्या मजल्यावरच्या काकांना रात्री अकरा वाजता काहीही फरक जाणवणार नाही.

इक्वलायझरने हे सगळे होत नाही का?

काही अंशी होते, आणि आजकालच्या अनेक अँप्लिफायरमध्ये माइक लावून खोली दुरुस्त करण्याची सोय असते. फुगलेला स्वर इक्वलायझरने, म्हणजे ठराविक स्वर कमी-जास्त करण्याच्या सोयीने, खाली ओढता येतो. पण जिथे लहरी एकमेकींना खोडून पोकळी करतात, तिथे आवाज कितीही वाढवला तरी दोन्ही लहरी सारख्याच वाढतात आणि पोकळी कायम राहते. अँप्लिफायर मात्र तापतो. शिवाय ही दुरुस्ती जिथे माइक ठेवला त्या एका जागेपुरती असते, शेजारच्या खुर्चीवर बसलेल्याला तिचा उलटा त्रासही होऊ शकतो. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी खुर्ची आणि स्पीकर हलवून पाहावेत, मग कोपरे भरावेत, तोच ५७ हर्ट्झचा स्वर लावून पुन्हा खोलीत फिरावे, आणि त्यानंतरही एखादा स्वर डोके वर काढत असेल, तर तेवढाच इक्वलायझरने तीन-चार डेसिबल खाली आणावा.